साखळीतला माझा अर्धा तास

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. नगरला आमच्या गल्लीत मला लहानपणी 'फटाकडी' म्हणायचे, आणि कार्डिफला येऊन वीस वर्षं झाली तरी ती काही विझलेली नाही. मी एका जी.पी. सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर बसते. तिथे दिवसभर गोड बोलावं लागतं, मग उरलेला तिखटपणा कुठेतरी बाहेर पडणारच ना!

पण प्रार्थना मला चांगली करता येते. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनेच सांगते. 'हे प्रेमळ स्वर्गीय बापा' असा एकदा सूर लागला, की मला शब्द शोधावे लागत नाहीत. आमची मराठी मंडळी म्हणजे जेमतेम तेरा घरं. महिन्यातून एका रविवारी आम्ही एका जुन्या चॅपलच्या मागचा हॉल घेतो आणि मराठीत उपासना करतो. पाळकसाहेब नाहीत, आळीपाळीने कुणीतरी संदेश देतं, नंतर चहा आणि ज्याने जे आणलं असेल ते. या सगळ्यात दोन गोष्टी मात्र ठरलेल्या होत्या. शेवटची मोठी प्रार्थना माझी, आणि गाणं काकांचं.

काका माझे सख्खे नव्हेत, सगळ्यांचेच आहेत. ते मूळचे सोलापूरकडचे. तरुणपणी इकडे आले आणि तीस वर्षं शहरात बस चालवली. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. काकू गेल्यापासून एका लहानशा फ्लॅटमध्ये एकटेच राहतात, एकुलती एक मुलगी लंडनजवळ इल्फर्डला आहे. आवाज असा खर्जातला, की हॉलमधल्या मागच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत वाजायचा. पेटी स्वतःच वाजवायचे आणि कुणी बेसूर गायलं की पेटी थांबवून चष्म्यावरून बघायचे. आमच्या पोरांना जे काही मराठी येतं, त्यातलं निम्मं काकांनी गाणी शिकवली म्हणून येतं.

गेल्या वसंतात त्यांचा आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं सर्दी असेल. मग तपासण्या झाल्या आणि कळलं, की स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल. गाठ कसली ते काढल्यानंतर कळणार. आवाज परत येईल का, आला तर कसला येईल, हे कुणी छातीठोकपणे सांगेना. मी त्यांना भेटायला गेले तर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गाठीचं काय ते डॉक्टर बघून घेतील गं. पण मी इथे एकटा असतो. गायलो नाही तर या घरात आवाज कुणाचा, फ्रिजचा?" हे ते हसत म्हणाले. मी मात्र घरी येईपर्यंत बसमध्ये रडले.

रडून झाल्यावर मी कामाला लागले. साखळी प्रार्थना करायची ठरवली. आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. एखाद्यासाठी दिवसभर प्रार्थना चालू ठेवायची असली, की प्रत्येक घराने अर्धा-अर्धा तास वाटून घ्यायचा. आपला अर्धा तास संपला की पुढच्या घराला सांगायचं, 'आमची झाली, आता तुमची.' मध्ये साखळी तुटू द्यायची नाही. नगरला आम्ही पोरं पळत जाऊन पुढच्या घराची कडी वाजवायचो. इथे फोन करतात.

ऑपरेशन बुधवारी सकाळी अकराला होतं. यादी मी केली. ग्रुपवर टाकली, आणि खाली चार ओळींची तंबीही दिली, की वेळ चुकवायची नाही, प्रार्थनेच्या वेळी फोन बघायचा नाही, कामावर असाल तर आधीच सुट्टी मागा. अकरा ते साडेअकरा हा अर्धा तास मी स्वतःकडे ठेवला. ऐन ऑपरेशनची वेळ. ती दुसऱ्या कुणाच्या हाती कशी द्यायची? मला बुधवारी सुट्टी असते, हे एक कारण. दुसरं कारण मी वर सांगितलंच आहे.

तर त्या बुधवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना माझ्या आधीच्या घराचा फोन आला, "आमची झाली, ताई." मी पुढच्या खोलीत खुर्ची ओढली, डोक्यावर ओढणी घेतली, डोळे मिटणार तेवढ्यात बाहेर सीगल, ते समुद्रावरचे दांडगे पांढरे पक्षी, ओरडले. कार्डिफचे सीगल ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांनी नशीब समजावं. खिडकीतून बघते तर आमच्या फाटकासमोर काळी पिशवी फाडून तिघांनी फुटपाथभर कचरा पसरलेला, आणि शेजारचे म्हातारे गृहस्थ हातात झाडू घेऊन उभे.

आमचं आणि या शेजाऱ्यांचं कचऱ्यावरून वर्षभर धुमसत होतं. ते निवृत्त शाळामास्तर. पिशव्या कुठे ठेवायच्या, कधी ठेवायच्या, यावर त्यांची ठाम मतं आहेत. मी म्हटलं, दोन मिनिटांत जाऊन येते. देवाला काय, तो आहेच.

मी बाहेर गेले आणि विचारलं, की तुमची पिशवी माझ्या फाटकाशी का? ते शांतपणे म्हणाले, "ही माझी नाही." मी म्हटलं, "माझी तर नाहीच नाही." मग त्यांनी झाडूच्या टोकाने एक हाड जरा पुढे सरकवलं. म्हणाले, "मी चाळीस वर्षं मांसाहार केलेला नाही."

नळी होती ती. रविवारच्या मटणाची, माझ्या हातची, चोखून स्वच्छ केलेली. मला एका क्षणात ओळखू आली. शहाण्या बाईने तिथेच 'सॉरी' म्हणून झाडू मागितला असता. मी काय केलं? मी म्हटलं, या रस्त्यावरच्या घरांत मटण खाणारी काय एकटीच मी आहे का? आम्ही बाहेरून आलेले म्हणून प्रत्येक हाड आमच्याच नावावर का? हे तर मी अगदी पुढे होऊन म्हटलं. त्या बिचाऱ्याचा चेहरा लाल झाला. तसलं त्याच्या मनातही नव्हतं, आणि नव्हतं हे मला माहीत होतं. मग मी गेल्या वर्षीचं कुंपणाच्या झाडांचं भांडणही काढलं, त्याच्या गाडीचं पार्किंगही काढलं. समोरच्या घरातली बाई पडदा सारून बघायला लागली. मला जोरच चढला.

घरात आले तर फोन वाजत होता. अकरा चाळीस. साखळीतली पुढची मुलगी होती, पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरून काम करते. "ताई, झाली का तुमची? मी साडेअकरापासून वाट बघतेय. मीटिंग पुढे ढकललीय."

आणि मी म्हटलं, "झाली गं. मनावर इतका भार होता ना काकांचा, उठवतच नव्हतं. म्हणून दहा मिनिटं वर गेली."

नुसतं 'झाली' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो 'भार' कुठून आला, देव जाणे. म्हणजे खरोखरच तो जाणे.

जिन्यात माझी मुलगी उभी होती. ती इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकते, घरीच राहते, जन्म इथलाच. तिने सगळं ऐकलं होतं, रस्त्यावरचंही आणि फोनवरचंही. म्हणाली, "मम्मी, तू प्रे केला कधी? तू तर बाहेर शाउट करत होती."

मी म्हटलं, "तू अभ्यास कर."

दुपारी काकांच्या मुलीचा मेसेज आला. ऑपरेशन नीट झालं होतं. गाठीचा रिपोर्ट दहा-बारा दिवसांनी येणार. आणि दोन आठवडे काकांनी एक शब्द बोलायचा नव्हता, कुजबुजायचंसुद्धा नाही. मी मंडळीच्या ग्रुपवर टाकलं, 'देवाची स्तुती असो'. त्यावर बारा जणांनी हात जोडले.

रविवारी उपासना होती. काका नव्हते, पेटी कुणी उघडली नाही, फोनवर गाणी लावून आम्ही कशीबशी म्हटली. मग साक्ष देण्याची वेळ आली. ज्याला देवाने काही दाखवलं असेल त्याने उठून दोन शब्द सांगायचे. ती पुण्याची मुलगी उठली. म्हणाली, "मला त्या दिवशी ताईंकडून शिकायला मिळालं. मी अर्धा तास कसा काढू म्हणून घाबरले होते, आणि ताईंना अर्धा तास पुरला नाही." सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं. माझ्या शेजारी आमचे हे बसले होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्यांनी अभिमानाने छाती काढली. पलीकडे मुलगी छताकडे बघत होती.

मी मान खाली घालून म्हटलं, "सगळी प्रभूची कृपा." अशा वाक्याला कुणी काय म्हणणार? मी ते किती सहज म्हटलं, याचं मला स्वतःलाच भय वाटलं.

त्या संध्याकाळी कुटुंबप्रार्थनेला बसलो. नगरला आमच्या पप्पांची एक रीत होती. जेवण वाढायच्या आधी प्रार्थना, आणि प्रार्थनेच्या आधी ते आम्हा चार भावंडांना विचारायचे, "कुणाचं कुणाशी वाजलंय? आधी मिटवा, मग डोळे मिटा." रस्सा चुलीवर, पोटात कावळे ओरडताहेत, आणि पप्पा मांडी घालून शांत बसलेले. आम्ही झक मारत मिटवायचो. कधी माझ्यामुळे तो रस्सा पार गार व्हायचा, आणि भावंडं मला चिमटे काढायची. इकडे आल्यावर मी कुटुंबप्रार्थना चालू ठेवली, तेवढा एक प्रश्न मात्र गाळला. सोयीचं पडलं.

त्या रविवारी माझी पाळी होती. मी डोळे मिटले, "हे प्रेमळ स्वर्गीय बापा" म्हटलं, आणि पुढे काही येईना. पुन्हा म्हटलं. पुन्हा काही नाही. ज्या तोंडाने त्या म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात उभं करून खोटं पाडलं, त्याच तोंडाने पुढचं वाक्य कसं आणायचं? यांनी एक डोळा उघडून विचारलं, "बरं नाही का?" मुलीने घाईघाईने इंग्रजीत देवाचे आभार मानले आणि भात वाढला.

दुसऱ्या दिवशीही तेच. मंगळवारीही तेच. आणि डोक्यात एकच, काकांचा रिपोर्ट. मी काही अडाणी नाही. देव मीटर लावून बसलेला नाही, अर्धा तास कमी भरला म्हणून तो कुणाच्या घशात खोट काढणार नाही, एवढं मला कळतं. पण दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट हाताळणारी मी, कॉम्प्युटरवर कुठल्याही म्हाताऱ्याचं नाव आलं, की ते दोन-दोनदा वाचायची. रिपोर्ट वाईट आला तर मी काकांच्या डोळ्यांत कशी बघणार? आणि चांगला आला तर? तर पुन्हा सगळे माझ्याकडेच वळून बघणार. ते तर आणखी वाईट!

शेवटी बुधवारी, बरोबर आठवड्याने, मी मऊ खिचडी डब्यात भरली आणि काकांकडे गेले.

दार त्यांनीच उघडलं. गळ्यात मफलर, हातात एक लहान पांढरा बोर्ड आणि मार्कर. ऑपरेशनसाठी आलेली त्यांची मुलगी दोन दिवसांपूर्वीच परत गेली होती. मला बघून त्यांनी बोर्डवर लिहिलं, 'खिचडी? मी आजारी नाही. मुका आहे.'

मी हसले नाही. त्यांनी खुर्ची दाखवली. मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. सीगल, पिशवी, नळी, शेजारी, बाहेरून आलेल्यांवरून काढलेलं ते भांडण, फोन, मनावरचा भार, रविवारची साक्ष. "काका, तुम्हाला आत नेलं ना, तेव्हा तुमच्यासाठी कुणीच प्रार्थना करत नव्हतं. मी रस्त्यात भांडत होते."

जो माणूस उत्तर देऊ शकत नाही, त्याच्यापुढे कबुली देणं फार कठीण असतं, हे मला तेव्हा कळलं. मध्ये कुणी 'जाऊ दे' म्हणत नाही. बोलतच राहावं लागतं, पार शेवटपर्यंत.

काकांनी मार्करचं टोपण काढलं. मग बोर्ड घेतला. लिहिलं, 'मटणात खोबरं भाजून घातलं होतंस का?'

"काका!"

त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. एका हाताने गळा धरला, दुसऱ्याने डोळे पुसले. डॉक्टरांनी हसायलाही मनाई केली होती आणि मी त्या माणसाला हसवून मारत होते. मग ते थांबले, बोर्ड पुसला आणि लिहिलं, 'शेजारी?'

"त्यांचं काय?"

त्यांनी त्या शब्दाखाली रेघ मारली. मी म्हटलं, "जाते. आजच जाते." त्यांनी मान हलवली आणि लिहिलं, 'आता माझा अर्धा तास दे.'

मी डोक्यावर ओढणी घेतली. डोळे मिटले. "हे प्रेमळ स्वर्गीय बापा, आम्ही तुझी मातीची लेकरं तुझ्या कृपासनापुढे..." टक टक टक. काका मार्करने बोर्ड ठोकत होते. मी डोळे उघडले. बोर्डवर लिहिलं होतं, 'हे रविवारचं आहे.'

मला राग आला. खरंच आला! आठवडाभर तोंडातून शब्द निघत नव्हता, आता कुठे निघाला, तर यांना तो पसंत नाही. मी चिडूनच डोळे मिटले आणि चिडूनच म्हटलं, "देवा, मी खोटं बोलले. तीनदा बोलले. त्या माणसाला नाही नाही ते बोलले, आणि मला ते बोलताना बरं वाटत होतं. मला काकांचा आवाज परत पाहिजे. मला तो पाहिजे, कारण तो नसला तर त्यांच्या घरात कुणी नाही. रिपोर्ट चांगला येऊ दे. मला भीती वाटतेय." पुढे काही सुचेना. मी तशीच गप्प बसून राहिले. रडू आलं, तेही येऊ दिलं. अर्धा तास कसा गेला कळलं नाही, आणि यावेळी ते खरं होतं.

परत येताना मी शेजाऱ्यांची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं आणि आपोआप एक पाऊल मागे सरकले. मी म्हटलं, हाडं माझी होती, मला तेव्हाच कळलं होतं, आणि बाहेरून आलेल्यांबद्दल जे बोलले ते उगाच बोलले, तुम्ही तसे नाही. त्यांनी दाराची मूठ सोडली. मग म्हणाले, "हाडांचं मला माहीत होतं. दुसऱ्याचं मात्र मला फार लागलं. मी चार रात्री विचार करत होतो, की मी खरंच तसा आहे का." मला तिथल्या तिथे पायरीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी चहा विचारला नाही, मीही थांबले नाही. पण पुढच्या आठवड्यात आमच्या पिशवीवर त्यांनी एक जुनी जाळी टाकून ठेवलेली दिसली, सीगलसाठी. मी ती काढली नाही.

गुरुवारी सकाळी मी ग्रुपवर लिहिलं. लांबण लावली नाही. 'ऑपरेशनच्या बुधवारी अकरा ते साडेअकरा मी प्रार्थना केली नाही. शेजाऱ्यांशी भांडत होते. झाली असं खोटं सांगितलं. क्षमा करा.' तेरा घरांत कुणी हात जोडले नाहीत, कुणी काही पाठवलं नाही. दुपारपर्यंत ग्रुप थंड. संध्याकाळी यांनी तो मेसेज वाचला आणि म्हणाले, "म्हणजे मी रविवारी छाती काढून बसलो होतो ते..." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग आता आत घेतो," आणि पोट धरून हसले. मुलीने मला मिठी मारली आणि म्हणाली, "गुड जॉब, मम्मी. खूप एम्बॅरसिंग होता."

पुण्याच्या मुलीचा फोन मात्र थेट शनिवारी आला. तिचा आवाज ताठ होता. "ताई, मी सगळ्यांसमोर उभं राहून तुमची साक्ष दिली. मला किती मूर्खासारखं वाटलं असेल, विचार करा." मी म्हटलं, "खरं आहे तुझं." ती म्हणाली, "पुढच्या वेळी यादी मी करते." मी म्हटलं, "कर. मला सकाळचे सहा दे." तेव्हा कुठे ती हसली, आणि तेही जेवढ्यास तेवढं.

रिपोर्ट सोमवारी आला. गाठ साधी होती. मी सर्जरीत मागच्या खोलीत जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले, आणि 'थँक यू, थँक यू' एवढंच म्हटलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत तोकडी प्रार्थना. आता राहिला होता आवाज.

गाण्याचं आधी सांगते, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. गाणं यायला पुढे चार महिने लागले, आणि तो जुना खर्ज काही परत आला नाही. काका आता मधल्या पट्टीत गातात, जरा फाटका सूर लागतो, आणि बेसूर गाणाऱ्याकडे आता ते चष्म्यावरून बघत नाहीत. पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या दिवसाबद्दल.

दोन आठवडे संपले तो बुधवार. सकाळी त्यांना स्पीच थेरपिस्टकडे जायचं होतं. मी घरी होते, फोन ओट्यावर समोर ठेवून कणीक मळत होते. बाराच्या सुमारास बेल वाजली. दारात काका. बसचा पास गळ्यात, मफलर, थोडा दम लागलेला. मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. त्यांनी खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. थेरपिस्टने लिहून दिलं होतं, की पहिल्या दिवशी दिवसभरात मिळून पाच मिनिटं, हळू आवाजात. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं.

"मुलीशी बोललात?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "अहो काका, ती तिकडे इल्फर्डला जीव मुठीत धरून बसली असेल! आधी तिला..."

"ऐक," काका म्हणाले.

तो आवाज त्यांचा नव्हता. कोरडा, बारीक, मध्ये मध्ये हवा जाणारा. पण होता. माझे हात कणकेतच राहिले.

"तुझी आई गेली तेव्हा," ते म्हणाले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नगरला माझी आई गेली तेव्हा माझा पाय मोडलेला, कमरेपासून प्लास्टर, विमानात बसणं शक्य नव्हतं. तिची माती मी फोनवर पाहिली. काका दुसऱ्या दिवशी घरी आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, 'मी रोज सकाळी सातला तुझ्यासाठी प्रार्थना करीन, महिनाभर.' त्या महिन्यात मला सकाळी उठायचं बळ नसायचं. मी सातचा गजर लावायची. सात वाजले की वाटायचं, आता काका माझं नाव घेत असतील, आणि तेवढ्यावर मी चांगला पाय खाली टाकायची. ते मला बघायला घरी आले, की त्यांचे आभार मानायची.

"केली नाही मी," काका म्हणाले. "पहिले दोन दिवस केली. मग विसरलो. तू आभार मानायचीस, मी मान हलवायचो." ते थांबले, श्वास घेतला. "त्या दिवशी तू सांगत होतीस तेव्हा हातात बोर्ड होता. लिहिता आलं असतं. पण हे तोंडाने केलं होतं, तर तोंडानेच सांगायला हवं. आवाज आला नसता, तर मग लिहिलं असतं."

मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं. ओरडणं मला येतं. मी फक्त म्हटलं, "काका, त्याच्यावर मी तो महिना काढला हो."

"म्हणून तर," ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. मी कणकेच्या हातांनीच खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसले. घड्याळात बघितलं. "दीड मिनिट उरलंय तुमचं. आता तरी पोरीला फोन करा. मी लावून देते."

"नको. तिला लिहून कळवीन. हे तुझं आहे." आणि त्यांनी डोळे मिटले. मीही मिटले.

त्यांनी माझं नाव घेतलं. माझ्या आईचं नाव घेतलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. ते त्यांना ठाऊक होतं हे मला माहीत नव्हतं. म्हणाले, देवा, ही त्या महिन्यात एकटी होती आणि मी तिला फसवलं. म्हणाले, तिची आई तुझ्यापाशी आहे, तिला सांग, की हिचा पाय आता बरा आहे, आणि ही... तिथे त्यांचा आवाज घासला. मी डोळे उघडले. पाच मिनिटं झाली होती. काका तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते, वाक्य अर्धं होतं आणि त्यांना पुढचा शब्द बोलायची परवानगी नव्हती. मी त्यांचा हात माझ्या कणकेच्या हातात घेतला, पुन्हा डोळे मिटले, आणि म्हटलं, "आणि ही बरी आहे, देवा. तिला तेवढं सांग. आमेन."